काशीत वकील मिळाला नाही

७ मार्च २००६ हा मंगळवार होता. मारुतीचा वार, म्हणून वाराणसीच्या संकटमोचन मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी त्या गर्दीत स्फोट झाला. पाठोपाठ कॅन्टोन्मेंट रेल्वे स्थानकावर दुसरा झाला. दशाश्वमेधाच्या बाजूला ठेवलेला तिसरा बॉम्ब फुटण्याआधी सापडला. किमान १८ माणसे गेली, शंभरावर जखमी झाली. देशातले दुसरे एखादे शहर त्या रात्री पेटले असते. काशी पेटली नाही. बनारस हिंदू विद्यापीठात अभियांत्रिकी शिकवणारे आणि गंगेच्या प्रदूषणाविरुद्ध आयुष्यभर झगडलेले महंत वीरभद्र मिश्र यांनी मंदिरातली आरती खंडू दिली नाही आणि मंदिराच्या अंगणात कोणाला सुडाची भाषाही बोलू दिली नाही. त्याच वर्षी जग सोडून गेलेल्या उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी आपल्या शहरावरच्या या घावाचा निषेध केला. मंदिराने आणि गल्ल्यांनी दाखवलेले हे शहाणपण त्याच शहराच्या कचेरीत मात्र टिकले नाही. महिनाभरात उत्तर प्रदेश पोलिसांनी फूलपूरचा वलीउल्लाह नावाचा मौलवी पकडला आणि वाराणसीच्या वकिलांनी त्याचे वकीलपत्र घेण्यास नकार दिला.

या नकाराची बातमी तेव्हा चार ओळींत आटोपली. आज वीस वर्षांनी मागे वळून पाहिले तर त्या चार ओळी स्फोटाच्या बातमीइतक्याच गंभीर वाटतात. आरोपीला वाराणसीत वकील मिळत नाही म्हणून अलाहाबाद उच्च न्यायालयाने खटला गाझियाबादला हलवला. तिथे तो सोळा वर्षे चालला. ४ जून २०२२ रोजी गाझियाबादच्या सत्र न्यायालयाने वलीउल्लाहला दोन प्रकरणांत दोषी धरले, तिसऱ्यात पुराव्याअभावी सोडले आणि दोन दिवसांनी फाशी सुनावली. ज्यांची नावे त्याच्याबरोबर घेतली गेली त्यांतला एक चकमकीत मारला गेला, बाकीचे बांगलादेशात पळाले, असे पोलिसांचे म्हणणे. म्हणजे इतक्या मोठ्या कटात न्यायाधीशासमोर उभा राहिला तो एकटा वलीउल्लाह.

तो निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. ते ठरवण्याची जागा वर्तमानपत्राचा अग्रलेख नव्हे. एका न्यायालयाने पुरावा ऐकून त्याला दोषी धरले आहे आणि कायद्याच्या दृष्टीने आज तेच खरे. आमचा प्रश्न त्या आधीचा आहे. हा पुरावा नीट तपासला गेला का, उलटतपासणीत त्याला कोणी हलवून पाहिले का, आणि ज्या शहरात गुन्हा घडला, जिथे साक्षीदार राहतात, जिथल्या गल्ल्या नि दुकाने वकिलाला पाठ असायला हवीत, त्या शहराने आरोपीकडे पाठ फिरवल्यावर हे काम शेकडो किलोमीटरवर कितपत होऊ शकते?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही, कारण या स्फोटाच्या दोन कहाण्या खुद्द पोलिसांनीच सांगितल्या आहेत. उत्तर प्रदेश पोलिसांची कहाणी ‘हुजी’ या बांगलादेशी धाग्याच्या संघटनेची. वलीउल्लाह तिचा सूत्रधार. मग सप्टेंबर २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने ‘इंडियन मुजाहिदीन’चे म्हणून काही तरुण पकडले आणि २००५ पासूनच्या अनेक स्फोटांचे श्रेय, किंवा दोष, या टोळीच्या खात्यावर जमा केले. त्या यादीत वाराणसीचे हे स्फोटही होते. पोलीस कोठडीतल्या कबुलीला फार वजन देऊ नये हे खरे; ती कबुली वलीउल्लाहला सोडवत नाही, जशी कोठडीतली दुसरी कबुली त्याला अडकवायला पुरू नये. पण एकाच राष्ट्राच्या दोन पोलीस दलांनी एकाच बॉम्बचे दोन धनी सांगावेत आणि ही दोन विधाने एका न्यायाधीशाच्या टेबलावर समोरासमोर ठेवून त्यांचा निकाल लावण्याचे ओझे सरकारला वाटू नये, हे लोकशाहीतल्या कोणत्या व्यवस्थेत बसते?

महाराष्ट्राला असला प्रसंग माहीत आहे. त्याच २००६ च्या ८ सप्टेंबरला मालेगावात स्फोट झाले. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुसलमान तरुण पकडले, सीबीआयने तीच कहाणी पुढे चालवली. पुढे एनआयएने तपास हाती घेतला आणि अगदी वेगळी माणसे आरोपी म्हणून उभी केली. ही दोन चित्रे एका न्यायालयासमोर आली, म्हणूनच २०१६ च्या एप्रिलमध्ये त्या नऊ जणांवरचे आरोप रद्द झाले. तोवर त्यांतल्या बहुतेकांची पाच-पाच वर्षे तुरुंगात आणि पुढची चार-साडेचार जामिनावर, कपाळी ‘बॉम्बवाला’ हा शिक्का वागवत गेली होती. मालेगावात निदान चित्रे समोरासमोर आली. वाराणसीत ती कधी आलीच नाहीत.

यावर सर्वसाधारण वाचक म्हणेल की वकिलांचेही बरोबर आहे. ज्याच्यावर देवळात बॉम्ब ठेवल्याचा आरोप, त्याची बाजू कोणी आणि का मांडावी? या भावनेची टिंगल करण्याचा अधिकार आम्हाला नाही. वाराणसीच्या वकिलांनी तर पुढच्याच वर्षी स्वतःचे रक्त सांडलेले पाहिले. २३ नोव्हेंबर २००७ च्या दुपारी वाराणसी, फैजाबाद आणि लखनौ इथल्या न्यायालयांच्या आवारात काही मिनिटांच्या अंतराने स्फोट झाले. वाराणसीच्या कचेरीत नऊ जण ठार झाले, त्यांत वकीलही होते. ‘इंडियन मुजाहिदीन’ हे नाव देशाने पहिल्यांदा ऐकले ते त्या दिवशी वाहिन्यांना आलेल्या ई-मेलमधून, आणि त्यात कारण म्हणून वकिलांवरचा राग नोंदवला होता. अतिरेक्यांना कायद्याच्या रक्षणकर्त्यांनी आपली वाट सोडावी हेच हवे असते. तो दिवस वकिलांना विचार करायला लावणारा होता. त्यातून निघाले ते ठराव: अशा आरोपींसाठी राज्यात कुठेच उभे राहायचे नाही.

त्या ठरावांनंतर काय झाले याची कहाणी एका वकिलाभोवती फिरते. लखनौचे मोहम्मद शोएब. त्यांनी ठराव धुडकावून वकीलपत्रे घेतली. त्यांच्या अशिलांत एक तरुण होता, कोलकात्याच्या वीज कंपनीत काम करणारा. डिसेंबर २००७ च्या अखेरीस त्याला न्यायालयांतल्या स्फोटांचा मुख्य सूत्रधार म्हणून पकडून आणले, वाहिन्यांवर त्याचे छायाचित्र झळकले. त्याची आई कोलकात्याहून लखनौला धावली. तीन आठवड्यांत पोलिसांना न्यायालयात सांगावे लागले की हा तो माणूस नव्हे. नावाचा घोळ झाला होता. एका आईची धडपड आणि एका वकिलाची सही, एवढ्यावर तो सुटला. शोएब यांनी त्या दिवशी इतर साऱ्यांसारखी मान फिरवली असती तर हा तरुण आज कुठे असता, हे वाचकाने स्वतःच ठरवावे. शोएब यांना बक्षीस काय मिळाले? २००८ साली लखनौच्या न्यायालयात त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यांना मारहाण केली.

शोएब यांचे आणखी दोन अशील आझमगढ-जौनपूरकडचे होते. तारिक कासमी हा युनानी हकीम आणि खालिद मुजाहिद हा मदरशातला शिक्षक. विशेष कृती दलाचे म्हणणे, २२ डिसेंबर २००७ च्या सकाळी या दोघांना बाराबंकी रेल्वे स्थानकाजवळ आरडीएक्स आणि डिटोनेटरसह पकडले. घरच्यांचे म्हणणे, तारिकला १२ डिसेंबरला आणि खालिदला १६ डिसेंबरला भर रस्त्यातून उचलून नेले. हे म्हणणे अटकेनंतर सुचलेले नव्हते. तारिक बेपत्ता असल्याची तक्रार त्याच्या घरच्यांनी त्याआधीच पोलिसांत दिली होती, आझमगढमध्ये निदर्शनेही झाली होती. जो माणूस १४ तारखेला हरवल्याची नोंद पोलीस ठाण्यात आहे तो २२ तारखेला स्फोटके घेऊन मोकळा फिरताना सापडतो, हे कोणत्याही नवशिक्या वकिलाला खटकले असते. सरकारलाही खटकले. मायावती सरकारने निवृत्त न्यायाधीश आर. डी. निमेष यांचा आयोग नेमला. आयोगाने ३१ ऑगस्ट २०१२ रोजी अहवाल दिला, अटकेची पोलिसी कहाणी संशयास्पद ठरवली आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई सुचवली.

अहवाल मिळाल्यावर अखिलेश यादव सरकारने तो विधानसभेत मांडला नाही. तो तसाच ठेवून खटला मागे घेण्याचा अर्ज मात्र केला. ज्या कागदाच्या आधारावर अर्ज टिकला असता तो कागद कपाटात, आणि अर्ज न्यायालयात! १० मे २०१३ रोजी बाराबंकीच्या न्यायालयाने अर्ज फेटाळला. आठ दिवसांनी, १८ मे रोजी, फैजाबादच्या तारखेहून लखनौच्या तुरुंगाकडे परतताना पोलिसांच्या गाडीत खालिद मुजाहिद मेला. पोलीस म्हणाले आजारी होता. घरच्यांनी खुनाची तक्रार दिली. तिच्यात राज्याच्या माजी पोलीस महासंचालकांचेही नाव होते. मग लखनौत महिनोन्‌महिने धरणे चालले आणि सप्टेंबरमध्ये अहवाल एकदाचा सभागृहात आला. तारिकला २०१५ साली बाराबंकीच्या त्याच आरडीएक्स प्रकरणात जन्मठेप झाली, पुढे लखनौ आणि फैजाबादच्या स्फोटांतही. एका बाजूला निवृत्त न्यायाधीशाचा अहवाल, दुसऱ्या बाजूला सत्र न्यायालयांचे निकाल. दोन्ही अधिकृत, दोन्ही सरकारी कपाटात, आणि एकमेकांशी त्यांची कधी गाठ नाही.

कुटुंबांविषयी लिहिताना आपल्याकडे लेखणी फार पटकन ओली होते. इथे हिशेब मांडणे पुरेसे आहे. फूलपूर हे गंगेच्या पलीकडचे, अलाहाबादपासून तीसेक किलोमीटरवरचे गाव. नेहरूंचा मतदारसंघ म्हणून ठाऊक असलेले. खटला वाराणसीत चालला असता तर घरचे माणूस सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी परतले असते. तो गेला गाझियाबादला आणि आरोपी डासना तुरुंगात. एका तारखेसाठी एक रात्र जाण्यात, एक येण्यात, मधला दिवस कचेरीच्या पायरीवर; आणि पुष्कळदा साक्षीदार आला नाही म्हणून पुढची तारीख. असे सोळा वर्षे. शिक्षेच्या दिवशी वलीउल्लाहच्या बाजूने न्यायालयाला सांगण्यात आले ते एवढेच, की घरी ऐंशीच्या घरातली आई आहे, बायको-मुले आहेत, परिस्थिती बेताची आहे. ही दयेची याचना होती. कायद्याच्या भाषेत तिला किंमत कमी. पण खटला हलवला गेला तो या कुटुंबाच्या दोषामुळे नव्हे. वकिलांनी आपले कर्तव्य नाकारले आणि त्याचा दंड सोळा वर्षे या म्हातारीने भरला. अशी घरे गावात राहतात पण गावाची राहत नाहीत. मुलीचे लग्न जमत नाही, भावाचे दुकान चालत नाही, भाड्याची खोली रिकामी करायला सांगतात, पोरांना शाळेत बापाचे नाव सांगताना आवाज खाली करावा लागतो. आरोप सिद्ध व्हायच्या आधी ही शिक्षा सुरू होते आणि सुटकेनंतरही संपत नाही. तिची तरतूद कोणत्या कायद्यात आहे?

आता मुंबईकडे येऊ, कारण वकीलपत्र घेतले गेले तर काय होऊ शकते हे तिथे दिसते. वाराणसीनंतर चारच महिन्यांनी, ११ जुलै २००६ रोजी, पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये स्फोट झाले. १८० हून अधिक प्रवासी मेले, आठशेवर जखमी झाले. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप दिली, एकाला सोडले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. निकालपत्रात काय सापडते? वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांत सारखेच परिच्छेद. छळाच्या खुणा. शंभराहून अधिक दिवसांनी आरोपींचे चेहरे आठवलेले साक्षीदार. ओळख परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याची मुदतच संपलेली. मुद्देमालाची सीलबंद साखळी तुटलेली. बॉम्ब नेमका कोणत्या प्रकारचा हेही सरकार पक्षाला दाखवता आले नाही. यातली एकही गोष्ट आभाळातून पडलेली नाही. कोणीतरी वर्षानुवर्षे कागद चाळले, मोबाइलच्या नोंदी मिळाव्यात म्हणून उच्च न्यायालयापर्यंत भांडले, माहिती अधिकाराचे हजारो अर्ज तुरुंगाच्या कोठडीत बसून लिहिले, तेव्हा हे बाहेर आले. सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास तीनच दिवसांत मनाई केली, सुटकेला मात्र हात लावला नाही; सरकारचे अपील तिथे आहे. ते जेव्हा निकालात निघेल तेव्हा निघो. उच्च न्यायालयाने पुराव्यावर ठेवलेली बोटे तरी पुसली जाणार नाहीत.

या खटल्यात सुरुवातीला उभा राहिलेला एक वकील म्हणजे शाहिद आझमी. कोवळ्या वयात स्वतःच टाडाखाली तिहारमध्ये गेलेला, तिथे शिकलेला, बाहेर येऊन वकील झालेला. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्याच्या त्याच्या कार्यालयात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. वय ३२. तीन महिन्यांनी त्याचा अशील फहीम अन्सारी २६/११ च्या खटल्यातून निर्दोष सुटला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली. त्याला आधी सोडले ते, ज्या खटल्यात अजमल कसाबला फाशी झाली त्याच खटल्यात, त्याच न्यायाधीशांनी. २६/११ नंतर मुंबईतही एका वकील संघटनेने कसाबचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला होता. अंजली वाघमारे यांना न्यायालयाने नेमले तेव्हा त्यांच्या घरावर दगडफेक झाली. न्या. एम. एल. टहलियानी मागे हटले नाहीत. वाघमारे वेगळ्या तांत्रिक कारणाने दूर झाल्या तेव्हा दुसरा वकील नेमला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत कसाबला वकील मिळाला. म्हणून कसाबच्या फाशीवर आज जगात कोणी बोट ठेवू शकत नाही. आणि म्हणूनच फहीम अन्सारीची सुटका शक्य झाली. ज्यांना वाटते की बचावाचा वकील हा दहशतवाद्याचा साथीदार, त्यांनी या एका खटल्याची ही दोन टोके शेजारी ठेवून पाहावीत.

लोकलच्या खटल्यातला एक आरोपी, बिहारचा कमाल अन्सारी, २०२१ साली नागपूरच्या तुरुंगात कोविडने गेला. त्याच्या डोक्यावर तेव्हा फाशी होती. चार वर्षांनी तो निर्दोष ठरला. त्याचे नातेवाईक निकालपत्र घेऊन नागपूरच्या कबरस्तानात गेले आणि त्याच्या कबरीपाशी ते वाचून दाखवले.

इथे एक खोचक प्रश्न विचारला जाईल: मग लोकलमधली ती माणसे कोणी मारली? हाच प्रश्न आमचाही आहे, आणि तो सरकारला आहे. १९ वर्षांनी १८० कुटुंबांच्या हाती काय आले? मालेगावच्या २००८ च्या स्फोटातही तेच. मुंबईच्या निकालानंतर दहाच दिवसांनी, ३१ जुलै २०२५ रोजी, प्रज्ञासिंह ठाकूर, कर्नल प्रसाद पुरोहित यांच्यासह सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. मेलेल्या सहा जणांचा मारेकरी कागदावर कोणीच नाही. त्या खटल्यातल्या आरोपींना चांगले वकील मिळाले, त्यांच्यासाठी पैसे उभे राहिले, याबद्दल आमची तक्रार नाही. तो त्यांचा हक्क होता. आमची तक्रार ही की मालेगावच्या आरोपीला जे मिळाले ते फूलपूरच्या आरोपीला वाराणसीत मिळू नये. कच्चा तपास हा आरोपीइतकाच बळीचाही घात करतो. सुरुवातीलाच कठोर वकील समोर असेल तर तपास अधिकाऱ्याला पंचनामा नीट करावा लागतो, सील नीट लावावे लागते, साक्षीदार खरा शोधावा लागतो. समोर कोणीच नसेल तर तो जे आणेल ते चालते, आणि वीस वर्षांनी वरच्या न्यायालयात कोसळते. संकटमोचनच्या मृतांच्या नातेवाइकांना २०२२ मध्ये मिळालेला न्याय असाच कोसळणार नाही, याची हमी वाराणसीच्या त्या नकाराने २००६ मध्येच कमजोर करून ठेवली आहे.

काशीच्या वकिलांना दाखला हवा असेल तर तो त्यांच्याच शहरात पुतळा असलेल्या माणसाचा आहे. फेब्रुवारी १९२२ मध्ये गोरखपूरजवळ चौरीचौरा इथे जमावाने पोलीस ठाणे पेटवले, वीसहून अधिक पोलीस जिवंत जळाले. गांधीजींनी असहकाराची चळवळ मागे घेतली. देशात फारसे कोणी त्या जमावाच्या बाजूने बोलायला तयार नव्हते. जानेवारी १९२३ मध्ये सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशी सुनावली. तेव्हा बनारस हिंदू विद्यापीठाचे संस्थापक पंडित मदनमोहन मालवीय, ज्यांनी वकिली कधीच सोडून दिली होती, पुन्हा काळा डगला चढवून अलाहाबाद उच्च न्यायालयात उभे राहिले. एप्रिलमध्ये निकाल लागला तेव्हा फाशी राहिली ती १९ जणांची. मालवीयांना पोलिसांची हत्या मान्य होती असे कोणी म्हणेल का? त्यांना इतकेच मान्य नव्हते की एवढी माणसे एका ढिगाने मारावीत आणि कोणाच्या हातात मशाल होती आणि कोण नुसता मागे उभा होता हे कोणी पाहूही नये. आणखी एक काशीकर आठवतो, तोही आमच्या पत्रकारितेच्या व्यवसायातला आणि मराठी घरातला: ‘आज’ या दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर. क्रांतिकारकांशी संबंधाच्या संशयावरून इंग्रजांनी त्यांना १९१६ मध्ये पकडले आणि काही वर्षे स्थानबद्ध ठेवले. खटलाच नाही, म्हणून वकिलाचा प्रश्नच नाही. सत्तेला आवडणारी सर्वांत सोयीची पद्धत ती.

हे जुने झाले असे म्हणून सोडता आले असते तर बरे झाले असते. २०१० च्या डिसेंबरमध्येच सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव घटनाविरोधी आणि शून्यवत ठरवले. गंमत म्हणजे तो खटला दहशतवाद्याचा नव्हताच. कोइमतूरमध्ये वकील आणि पोलिसांची मारामारी झाली आणि तिथल्या वकील संघाने आरोपी पोलिसांचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठरवले. म्हणजे जे हत्यार पोलिसांच्या शत्रूवर चालते असे वाटत होते ते पोलिसांवरच फिरले होते. न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी अशा ठरावांना न जुमानण्यास सांगितले. निकाल झाला, ठराव थांबले नाहीत. २०२० मध्ये हुबळीच्या वकील संघाने काश्मिरी विद्यार्थ्यांसाठी उभे राहायचे नाही असे ठरवले. कर्नाटक उच्च न्यायालयाला कान उपटावे लागले. २०२१ मध्ये आग्र्यात क्रिकेटच्या सामन्यावरून पकडलेल्या तीन काश्मिरी विद्यार्थ्यांबाबत तेच झाले, न्यायालयाच्या आवारात त्यांच्या अंगावर जमाव धावून गेला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला तोवर पाच महिने उलटले होते.

याला आवर कोणी घालायचा? बार कौन्सिलच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की वकिलाने आपल्या सरावाच्या क्षेत्रातले काम योग्य शुल्कात स्वीकारले पाहिजे. नकाराला विशेष कारण हवे. घटनेचे कलम २२ आरोपीला आपल्या पसंतीचा वकील देते. पण राज्य बार कौन्सिलचे सदस्य निवडून येतात ते याच वकिलांच्या मतांवर. ठराव करणाऱ्या संघावर कारवाई करून पुढची निवडणूक कोण हरणार? हे उघड गुपित कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. कारवाईचा अधिकार बार कौन्सिलवर सोडून भागणार नाही. असा ठराव हाच न्यायालयाचा अवमान समजून उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घ्यावी. वकील मिळत नाही म्हणून खटला परजिल्ह्यात हलवणे हा उपाय बंद व्हावा, कारण त्यात जिंकतो तो ठराव करणारा आणि भाडे भरते ते आरोपीचे घर.

हे आताच सांगण्याचे कारण आहे. २०२४ पर्यंत दहशतवादाचा आरोप हा यूएपीए किंवा मकोका अशा खास कायद्यांतला होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ ने ‘दहशतवादी कृत्य’ सामान्य दंडविधानात आले. गुन्हा यूएपीएखाली नोंदवायचा की संहितेखाली, हे पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी ठरवणार. म्हणजे हा शब्द आता दिल्लीतल्या किंवा मुंबईतल्या विशेष न्यायालयापुरता राहणार नाही; तो परभणी, धुळे, गडहिंग्लजच्या कचेरीत पोचणार. तिथे किती वकील असे वकीलपत्र घेतील? किती जणांचे दुसऱ्या दिवशी स्वागत होईल? चुकीच्या खटल्यात आयुष्य गेलेल्यांना भरपाई देणारा कायदा करा, असे विधी आयोगाने २७७ व्या अहवालात २०१८ मध्येच सांगितले. तो अहवालही निमेष अहवालाच्या शेजारीच कुठल्या तरी कपाटात असावा.

महाराष्ट्रातल्या वकील संघांनी वाराणसीची वाट पाहू नये. प्रत्येक जिल्हा वकील संघाने उलटा ठराव करावा: आरोप कोणताही असो, मागेल त्याला आमचा वकील मिळेल. असे वकीलपत्र घेण्यासाठी पुढे येणाऱ्या सदस्यांची नावे आधीच ठरवून यादी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यावी, कचेरीच्या फलकावर लावावी आणि त्यांच्यापैकी कोणावर दगड पडला तर फिर्याद संघाच्या अध्यक्षाने स्वतः सही करून द्यावी. उत्तर प्रदेश सरकारकडे मागणी याहून साधी आहे: फूलपूरच्या त्या आरोपीचा कागद वरच्या न्यायालयात जेव्हा जेव्हा उघडेल, तेव्हा मुंबई गुन्हे शाखेने २००८ मध्ये सांगितलेली दुसरी कहाणी सरकारी वकिलाने स्वतः त्यासोबत जोडावी आणि दोहोंपैकी कोणती खरी आणि कशावरून, याचे उत्तर द्यावे.